खुराक आणि तजरबा : खेळाडूंच्या आहारविचाराचा ऐतिहासिक मागोवा

उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत ‘तालीम’ म्हणजे लाल मातीचा हौदा, जोर-बैठका आणि वस्तादांची करडी नजर. शब्द एकच, पण दोन भाषांत त्याची दोन घरे झाली. ‘तजरबा’ या शब्दाचे उलट आहे. उर्दूत अनुभवालाही तजरबा म्हणतात आणि प्रयोगशाळेतील प्रयोगालाही तजरबाच म्हणतात. मराठीने मात्र ‘अनुभव’ आणि ‘प्रयोग’ असे दोन स्वतंत्र शब्द ठेवले. खेळाडूने काय खावे, या प्रश्नाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हा या दोन अर्थांमधील अंतर ओळखण्याचा इतिहास आहे. अनुभवाला प्रयोग समजण्याची चूक आखाड्याने केली, युरोपातील नामवंत रसायनशास्त्रज्ञांनी केली आणि आज आपल्या महाविद्यालयांच्या आसपासच्या व्यायामशाळांतही तीच होत आहे. प्रस्तुत लेखात या इतिहासातील काही टप्प्यांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

आखाड्याचा खुराक

बडोदा, कोल्हापूर, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर या संस्थानी आणि सीमावर्ती शहरांत तालमींची परंपरा हिंदू-मुस्लिम समाजांची सामायिक मिरास आहे. बडोद्यात उस्ताद जुम्मादादांचे नाव त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी आपल्या व्यायाममंदिराला दिले. याच शहरातून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध झाला. व्यायामविद्येचा एवढा मोठा संग्रह मराठीत व्हावा, ही अभिमानाची गोष्ट होय. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान उभारले आणि पहेलवानांच्या खुराकाचा भार दरबाराने उचलला. राजाश्रय म्हणजे मुख्यतः खुराकाचा आश्रय होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. दूध, तूप, बदाम, खारीक, थंडाई आणि मटण हे सामान्य शेतकऱ्याच्या मुलाला परवडणारे नव्हते.

या खुराकाविषयी आपल्याकडे नेमकी काय माहिती आहे? गामा पहेलवानाचे उदाहरण घेऊ. १९१० साली लंडनमध्ये त्याने झ्बिश्को या पोलिश मल्लाला दीर्घकाळ जमिनीशी खिळवून ठेवले. पहिली कुस्ती अनिर्णित राहिली आणि ठरलेल्या दुसऱ्या दिवशी झ्बिश्को मैदानावर आलाच नाही. १९२८ साली पतियाळ्यात गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले. हे सर्व नोंदलेले आहे. परंतु गामाच्या खुराकाचा प्रश्न आला की नोंदी संपतात आणि कथा सुरू होतात. दुधाचे शेर, कोंबड्यांची संख्या, बदामांचे वजन आणि रोजच्या बैठकांचा आकडा प्रत्येक कथनात वेगळा असतो. वजनकाटा कोणी धरला, किती दिवस धरला, याचा उल्लेख कोठेच नसतो. प्राचीन ग्रीसमधील क्रोटोनच्या मिलो या मल्लाविषयीही अशाच अफाट भोजनाच्या कथा आहेत. मोठ्या मल्लाभोवती मोठ्या ताटाची कथा रचण्याची रीत फार जुनी दिसते.

याचा अर्थ वस्ताद अडाणी होते असा नव्हे. शिष्याला दररोज डोळ्यांसमोर पाहणारा वस्ताद त्याची झोप, पचन, वजन आणि उत्साह यांचा अंदाज आजच्या अनेक प्रशिक्षकांपेक्षा बारकाईने घेत असे. दूध, डाळ, मटण आणि भाकरी यांच्या मेळातून भरपूर ऊर्जा व चांगली प्रथिने मिळत होती, ही गोष्ट आजचे शास्त्रही मान्य करते. उणीव निराळ्या ठिकाणी होती. जिंकलेल्या पहेलवानाचा खुराक आपल्यापर्यंत पोहोचला. तोच खुराक खाऊन हरलेल्यांचा पोहोचला नाही. गामाच्या यशात खुराकाचा वाटा किती, सरावाचा किती आणि जन्मजात देणगीचा किती, हे सांगण्याचे साधन आखाड्याकडे नव्हते. तुलनेशिवाय अनुभव साक्ष देतो, परंतु निवाडा देऊ शकत नाही.

इब्न सीनाच्या अटी

हे साधन केवळ पश्चिमेतून आले, असे समजण्याचे कारण नाही. शेख-उर-रईस इब्न सीना यांनी ‘अल्-कानून फित्-तिब्ब’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात, औषधाचा गुण तजरब्याने ओळखायचा असेल तर कोणत्या अटी पाळाव्यात, याचा विचार केला आहे. त्या अटी सात आहेत. त्यांपैकी तीन आपल्या विषयासाठी महत्त्वाच्या ठरतात. पहिली : ज्या आजारावर औषध तपासायचे तो साधा असावा, अनेक कारणांची गुंतागुंत असलेला नसावा. दुसरी : परिणाम नेहमी किंवा बहुतांश वेळा दिसला पाहिजे, एरवी तो योगायोग मानावा. तिसरी : चाचणी मानवी शरीरावर व्हावी. घोड्यावर किंवा सिंहावर दिसलेला परिणाम माणसावर तसाच दिसेल असे नाही.

इब्न सीना येथे औषधांविषयी बोलत होते, खेळाडूंच्या आहाराविषयी नव्हे. त्यांच्या अटींना आजच्या नियंत्रित चाचणीचे नाव देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु एक कारण वेगळे काढून पाहणे, योगायोग बाजूला करणे आणि ज्याच्यासाठी निष्कर्ष काढायचा त्याच्यावरच चाचणी करणे ही तीन सूत्रे पुढील प्रत्येक टप्प्यावर उपयोगी पडतात.

लीबिगचा सिद्धान्त आणि पर्वतावरील चढण

१८४२ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग यांनी असे प्रतिपादन केले की स्नायू काम करतात तेव्हा त्यांतील प्रथिनेच खर्ची पडतात. म्हणून कष्ट करणाऱ्याने ती झीज भरून काढण्यासाठी भरपूर मांस खावे. लीबिग हे त्या काळातील सर्वांत प्रतिष्ठित नाव होते आणि हा विचार सामान्य बुद्धीलाही पटणारा होता. मांसातून मांस तयार होणार, यात शंका कोणी घ्यावी?

शंका झुरिकच्या दोन प्राध्यापकांनी घेतली. ३० ऑगस्ट १८६५ रोजी आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनुस हे स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न हा पर्वत चढले. त्यांनी आदल्या दिवसापासून प्रथिने वर्ज्य केली होती. पिठूळ पदार्थ, स्निग्ध पदार्थ आणि साखर एवढेच ते घेत होते. चढाईच्या काळातील लघवी त्यांनी जमा केली आणि तिच्यातील नायट्रोजनवरून शरीरात किती प्रथिने जळाली याचा हिशेब मांडला. चढण १,९५६ मीटरची होती. फिक यांचे वजन ६६ किलो धरले तर केवळ शरीर वर उचलण्याचेच काम १,२९,०९६ किलोग्रॅम-मीटर होते. आणि जळालेली प्रथिने किती? सुमारे ३७ ग्रॅम. एडवर्ड फ्रँकलंड यांनी पुढच्याच वर्षी अन्नपदार्थांची उष्णता मोजली तेव्हा स्पष्ट झाले की एवढ्या प्रथिनांतील सर्व ऊर्जा कामी आली असे मानले, तरी तेवढ्याने निम्म्याच्या आसपासच काम होऊ शकते. उरलेली शक्ती पिठूळ आणि स्निग्ध पदार्थांतूनच आलेली असणार.

दोन माणसे आणि एक दिवस एवढाच हा प्रयोग होता. तरीही त्याने योग्य प्रश्न योग्य रीतीने विचारला. अर्थात सिद्धान्त खोटा ठरला म्हणून समजूत लगेच मेली नाही. मांस म्हणजे ताकद हा विचार पुढेही अनेक पिढ्या टिकला.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील येल विद्यापीठाचे रसेल चिटेंडन यांनी दुसरे टोक तपासले. प्राध्यापक, सैनिक आणि विद्यार्थी-खेळाडू अशा तीन गटांना त्यांनी काही महिने त्या काळच्या शिफारशीपेक्षा बरीच कमी प्रथिने दिली. १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानुसार खेळाडूंची ताकद घटली नाही, उलट वाढली. परंतु त्यांनी तुलनेसाठी दुसरा गट ठेवला नव्हता. तेवढ्या महिन्यांच्या सरावाने आणि नियमित दिनचर्येनेही ताकद वाढली असेल. म्हणजे लीबिगला आव्हान देणाऱ्यानेही इब्न सीनाची पहिली अट पुरती पाळली नाही. मतभेद योग्य बाजूचा असला तरी पुरावा आपोआप पक्का होत नाही, हा धडा येथे मिळतो.

कुन्नूर ते हैदराबाद

याच सुमारास हा प्रश्न आपल्या देशातही विचारला गेला. निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९२०च्या दशकात उंदरांचे गट करून त्यांना भारतातील निरनिराळ्या समूहांचा आहार दिला. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी असे ते गट होते. गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, भाजीपाला आणि कधीमधी मांस हा शिखांचा आहार सर्वांत सरस ठरला. पांढऱ्या तांदळावर भर असलेला आहार सर्वांत खाली राहिला.

या प्रयोगाचे मोल दुहेरी आहे. ब्रिटिश सैन्यभरतीत तेव्हा ‘लढाऊ जमाती’ हा सिद्धान्त रूढ होता. शरीरयष्टी वंशातून येते, असे तो मानत असे. मॅककॅरिसन यांनी एकाच जातीच्या उंदरांत केवळ आहार बदलून देहयष्टीत फरक पाडून दाखवला. म्हणजे त्यांनी चर्चेचा रोख वंशावरून ताटाकडे वळवला. परंतु इब्न सीनाची अट येथे आडवी येते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. शिवाय एका मोठ्या प्रांतातील गरीब-श्रीमंत, शेतकरी-व्यापारी या सर्वांना एकाच ताटात बसवणे हेही धाडसाचेच होते. ‘मराठा आहार’ म्हणजे कोणाचा आहार, हा प्रश्न मराठी वाचकाला पडल्याशिवाय राहणार नाही.

कुन्नूरची ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला आली आणि १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. उस्मानिया विद्यापीठाच्या परिसराशेजारी असलेली ही संस्था आजही भारतीयांच्या आहाराचे मार्गदर्शन करते. २०२४ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेसह तिने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पुडी घेणे टाळावे, असा स्पष्ट सल्ला आहे.

स्टॉकहोमचे दोन पाय

निर्णायक वळण १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये आले. योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन यांनी सुईने स्नायूचा सूक्ष्म तुकडा काढून त्यातील ग्लायकोजेन, म्हणजे पिठूळ पदार्थांपासून बनणारा साठा, मोजण्याचे तंत्र वापरले. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ते दोघे स्वतःच एका सायकलच्या दोन बाजूंना बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारले. थकलेल्या पायाचा साठा संपला. नंतर भरपूर पिठूळ आहार घेतल्यावर त्याच पायात साठा पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त भरला. विश्रांती घेतलेल्या पायात तसे झाले नाही. शरीर एक, अन्न एक, रक्त एक. फरक फक्त व्यायामाचा. कारण वेगळे काढून पाहण्याचे याहून सुबक उदाहरण विद्यार्थ्यांना देता येणार नाही.

१९६७ साली या गटाने आणखी एक निष्कर्ष मांडला. त्याच व्यक्तींना तीन प्रकारचे आहार देऊन थकेपर्यंत सायकल चालवायला लावले. मिश्र आहारावर ते सरासरी सुमारे ११४ मिनिटे टिकले, पिठूळ पदार्थ जवळजवळ वगळलेल्या आहारावर ५७ मिनिटे आणि भरपूर पिठूळ आहारावर १६७ मिनिटे. ज्या भाकरी, भात आणि बटाट्याला ताकदीच्या गप्पांत कोणी विचारत नव्हते, त्यांची बाजू घड्याळाने मांडली.

प्रथिनांचा प्रश्नही पुढे मार्गी लागला. २०१८ साली ४९ चाचण्या आणि १,८६३ व्यक्तींची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असे दिसले की वजनाचा व्यायाम करणाऱ्यांत दररोज शरीराच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनांपर्यंत स्नायुवाढीला लाभ होतो. त्यापुढे सरासरीत वाढ थांबते. म्हणजे चिटेंडन यांचे प्रमाण कमी होते आणि आखाड्यातील कथांचे आकडे फार जास्त.

हा हिशेब आपल्या स्वयंपाकघरात मांडून पाहू. ६० किलो वजनाच्या मुलाला सुमारे ९६ ग्रॅम प्रथिने लागतील. दिवसभरात १०० ग्रॅम कच्ची डाळ, अर्धा लिटर दूध, दोन अंडी, ३०० ग्रॅम ज्वारी किंवा गव्हाचे पीठ आणि ५० ग्रॅम शेंगदाणे एवढ्यातूनच नव्वदीच्या आसपास प्रथिने मिळतात. ज्याच्या घरी मटण, मासे किंवा कोंबडी होते त्याची उरलेली भरती सहज होते. महागड्या डब्याविना हे साधते, हे मुलांना कागदावर मांडून दाखवले पाहिजे.

रोजा आणि मैदान

आपल्या संस्थांच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न रमजानचा आहे. येथेही दोन बाजूंनी अनुभवाचीच साक्ष दिली जाते. एक बाजू बास्केटबॉलपटू हकीम ओलाजुवॉन यांचे उदाहरण देते. फेब्रुवारी १९९५ मध्ये रोजे ठेवून खेळत असताना त्यांना अमेरिकन व्यावसायिक लीगमधील त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू निवडण्यात आले. दुसरी बाजू एखाद्या रोजेदार खेळाडूला आलेली चक्कर सांगते. दोन्ही घटना खऱ्या असल्या तरी एकेका उदाहरणाने नियम ठरत नाही.

पुरावा काय सांगतो? अल्जीरियातील व्यावसायिक फुटबॉलपटूंवरील २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रमजानमध्ये वेग, चपळाई आणि दमसास खालावल्याचे दिसले. परंतु त्यात रोजा न ठेवणारा तुलनेचा गट नव्हता. पुढच्या वर्षी ट्युनिशियातील सराव शिबिरावर आधारलेले संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात रोजेदार आणि बिगर-रोजेदार असे तरुण खेळाडू एकाच ठिकाणी राहत होते आणि त्यांची झोप, जेवण व सराव यांची नीट व्यवस्था होती. तेथे शारीरिक चाचण्यांत मोठी घसरण आढळली नाही. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले तर लक्ष रोजाबरोबरच विस्कटलेल्या झोपेकडे, अपुऱ्या पाण्याकडे आणि न बदललेल्या वेळापत्रकाकडेही जाते. २०१२चे लंडन ऑलिंपिक रमजानमध्येच आले तेव्हा हा विषय जागतिक क्रीडावैद्यकाच्या चर्चेत ठळकपणे आला.

प्रवासी आणि आजारी यांना शरीअतने दिलेली सवलत खेळाडूला कोठवर लागू होते, हा उलेमांचा अधिकार आहे. त्यात संशोधकाने निवाडा देऊ नये. शिक्षकाच्या हाती जे आहे ते मात्र त्याने करावे. जड सराव इफ्तारनंतर ठेवावा, इफ्तारपूर्वी हलका. इफ्तार ते सहरी या काळात पाणी थोड्याथोड्या अंतराने प्यावे. सहरी चुकवू नये आणि तीत प्रथिने व पिठूळ पदार्थ दोन्ही असावेत. रात्रीची तुटलेली झोप दुपारी भरून काढावी. आणि आंतर-महाविद्यालयीन सामन्यांची तारीख ठरवणाऱ्या सभेत कोणीतरी हिजरी दिनदर्शिका समोर ठेवावी.

डबा, आणि डब्याबाहेरचे प्रश्न

आज खलिफांची जागा बऱ्याच ठिकाणी पुडीच्या डब्याने घेतली आहे. डब्यावरील पिळदार देह ही गामाच्या ताटाचीच नवी कथा आहे. २०१८ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने पूरक पदार्थांविषयी जे एकमत प्रसिद्ध केले, त्यात कामगिरीला थेट हातभार लावण्याबाबत पुरेसा पुरावा असलेले पदार्थ मोजकेच ठरले : कॅफिन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अलानिन आणि सोडियम बायकार्बोनेट. तेही ठरावीक खेळांत, ठरावीक मात्रेत. उरलेल्या शेकडो नावांमागे जाहिरात अधिक आहे.

धोका पैशाचाच नाही. २००० आणि २००१ मध्ये जर्मनीतील कलोन येथील प्रयोगशाळेने १३ देशांतील ६३४ पूरक पदार्थ तपासले. त्यांपैकी ९४ मध्ये, म्हणजे जवळजवळ १५ टक्क्यांत, वेष्टनावर न लिहिलेली संप्रेरकसदृश द्रव्ये निघाली. उत्तेजकविरोधी नियमांत ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव खेळाडूला दोषमुक्त करत नाही. त्याच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी त्याचीच. जिल्हा पातळीवरून पुढे जाऊ पाहणाऱ्या गरीब घरातील मुलाचे भवितव्य एका डब्याने संपू शकते.

दुसरीकडे, ज्यासाठी पुरावा भक्कम आहे त्याकडे लक्ष कमी जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली रक्तक्षय असलेल्या आढळल्या. रक्तात लोह कमी असलेली मुलगी धावताना दमते तेव्हा तिला आळशी म्हटले जाते. तिला हिमोग्लोबिनची तपासणी, डॉक्टरांचा सल्ला आणि आहारात पुरेसे लोह हवे असते. क्रीडा-आहाराचे बहुतेक जुने प्रयोग पुरुषांवर झाले, हेही येथे ध्यानात ठेवावे. फाउलहॉर्नवर दोघे पुरुष होते, येलचे सैनिक पुरुष होते. इब्न सीनाची तिसरी अट आज पुढे न्यायची असेल तर असे म्हणावे लागेल की जिच्यासाठी निष्कर्ष काढायचा, चाचणी तिच्यावर व्हावी.

क्रीडाशिक्षकाबरोबर इतिहासाच्या, विज्ञानाच्या आणि भाषेच्या अध्यापकानेही या विषयाकडे वळावे, असे सुचवावेसे वाटते. विद्यार्थी एखादा खुराक किंवा डबा घेऊन आला तर त्याला चार प्रश्न विचारायला शिकवता येते. हे कोणावर तपासले? कोणाशी तुलना केली? परिणाम बहुतेकांत दिसला की एखाद्यात? आणि हे सांगणाऱ्याला त्यातून काय मिळते? पहिल्या तिन्ही प्रश्नांची मुळे हजार वर्षांपूर्वीच्या अरबी वैद्यकग्रंथात सापडतात, चौथा आपल्या बाजाराने शिकवला. हे चार प्रश्न जिथे विचारले जातील, तिथे ‘तालीम’ या शब्दाचे उर्दू आणि मराठी अर्थ एकाच छताखाली नांदतील.